छत नसलेला मोर्चा

सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त सुभेदार आमच्या जुन्या परिचयाचे. नोकरीची सगळी वर्षे पायदळात काढलेली, त्यातली निम्मी डोंगरात. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या ओसरीवर गप्पा चालल्या असताना त्यांनी काठीने अंगणातल्या मातीत आम्हाला मोर्चा आखून दाखवला. आझाद मैदानावर जातो तो मोर्चा वेगळा. हा सैनिक ज्यात उभा राहून लढतो तो खड्डा. छातीइतका खोल. पुढे मातीचा बांध, बांधावर आसपासचेच गवत खोचलेले, म्हणजे ताजी माती समोरच्याच्या नजरेत भरू नये. कोपरे टेकायला इथे जागा. हातबॉम्ब आत पडलाच तर पायाने लोटायला तळाशी हा खळगा. खडकात खणता येत नसेल तर दगडावर दगड रचून संगर करायचा. सगळे कसे हिशेबात.

त्यांचा पुतण्या सध्या फौजेत आहे, तेव्हा सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, ‘‘तात्या, आता समोरनं कोण येत न्हाई,’’ आणि त्याने मोबाइलवर युक्रेनमधली एक चित्रफीत लावली. असाच खड्डा, पण वरून दिसणारा. आतला माणूस समोर बंदूक रोखून बसलेला. चित्र खाली खाली येत जाते, माणूस मान वर करतो आणि पडदा काळा होतो. सुभेदारांनी ती चित्रफीत दोनदा पाहिली. मग अंगणातल्या आपल्या चौकोनाकडे बघत म्हणाले, ‘‘झोपायच्या खड्ड्यावर आम्ही छप्पर घालायचो. लढायच्या खड्ड्यावर न्हाई.’’

शंभर वर्षांची लष्करी शिकवण त्या चौकोनात आहे. शत्रू समोर असतो, फार तर बगलेने येतो. वरून पडतो तो आंधळा गोळा. वरून कोणी आपल्याला शोधत येईल, दाराशी घुटमळेल आणि मग आत शिरेल, हे त्या शिकवणीत बसत नाही. युरोपात मात्र हे आता रोजचे झाले आहे. आणि आपण अजून टाळ्या वाजवण्यात दंग आहोत. म्हणून हा अग्रलेख.

टाळ्या कशासाठी, तेही पाहू. पहलगामचे हत्याकांड झाले २२ एप्रिल २०२५ रोजी. ७ मे रोजी भारताने नऊ ठिकाणी प्रहार केले. त्यानंतर ८ आणि ९ मेच्या मधल्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी पाकिस्तानची ३०० ते ४०० ड्रोन आली. ती पाडण्यात चमकल्या त्या एल-७० आणि शिल्का या तोफा. यातली एल-७० तर आपल्या आजोबांच्या काळातली. जुन्या तोफांना नव्या रडारची आणि संगणकीय जाळ्याची जोड दिली की काय होते, ते त्या रात्री दिसले. कौतुक योग्यच होते. परंतु सरकारनेच दुसऱ्या दिवशीच्या पत्रकार परिषदेत सांगितलेली एक गोष्ट टाळ्यांच्या गजरात विरून गेली. एवढी ड्रोन पाठवण्याचा हेतू बहुधा आपली हवाई संरक्षण व्यवस्था चाचपण्याचा आणि माहिती गोळा करण्याचा असावा, असे तेव्हा सांगण्यात आले होते. म्हणजे पाहुणे घर बघायला आले होते. आपण दिवे कुठे लावतो, कुत्रे कुठे बांधतो, हे बघून ते परत गेले.

शिवाय तो सगळा प्रकार ८८ तासांत संपला. पायदळाची एकही तुकडी सीमेपलीकडे गेली नाही, रणगाड्यांची इंजिने तापली नाहीत, मोर्च्यावरच्या कोणाला आठवडाभर पाण्याची वाट पाहावी लागली नाही. आकाशातल्या लढतीत आपण कसे आहोत याचा थोडाबहुत अंदाज मे महिन्याने दिला. जमिनीवरच्या लढाईबद्दल त्याने काहीही सांगितलेले नाही. त्यासाठी युक्रेनकडेच बघावे लागते आणि तिथले चित्र पोटात गोळा आणणारे आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचा ६० किलोमीटरहून लांब लष्करी ताफा कीवच्या उत्तरेला रस्त्यावर अडकून पडला होता, ते उपग्रह छायाचित्र अनेकांना आठवत असेल. ते जुन्या युद्धाचे अखेरचे दर्शन. रणगाडे पुढे, मागे चिलखती गाड्या, त्यामागे रसद. आज त्या आघाडीवर चार वाहने एकामागोमाग दिवसाउजेडी निघाली, तर पोहोचत नाहीत. कारण दोन्ही बाजूंकडे चारशे-पाचशे डॉलरचे, म्हणजे चांगल्या मोबाइलच्या किमतीचे, एक खेळणे आहे. चार पंखे, एक कॅमेरा, पोटाला बांधलेला दारूगोळा. चालवणारा काही किलोमीटर मागे तळघरात डोळ्यांवर गॉगल चढवून बसतो. ड्रोनला जे दिसते ते त्याला दिसते. तो ते रणगाड्याच्या उघड्या झाकणातून, ट्रकच्या काचेतून किंवा पळणाऱ्या एकट्या माणसाच्या पाठीत नेऊन आदळतो. अलीकडच्या काळात आघाडीवरच्या ठार-जखमींपैकी ७० टक्क्यांच्या आसपास ड्रोनमुळे होतात, असा युक्रेनी अधिकाऱ्यांचा अंदाज आहे. अमेरिकेने दिलेले ३१ अब्राम्स रणगाडे, जगातला सर्वांत धाकाचा रणगाडा म्हणून ज्याचा लौकिक, ते २०२४ च्या एप्रिलपर्यंत या खेळण्यांच्या भीतीने आघाडीवरून मागे घ्यावे लागले होते. रशियाने आपल्या रणगाड्यांवर पत्र्याच्या शेडच उभारल्या. कासवासारखे दिसणारे हे धूड आपल्याकडच्या उसाच्या ट्रॉलीइतकेच डौलदार. पण जीव वाचत असेल तर डौलाची कोणाला पडली आहे?

यापुढची गोष्ट अधिक बोधक आहे. ड्रोन रेडिओ लहरींवर चालते, म्हणून लहरी जाम करणारी यंत्रे आली. ती आली तशी ड्रोनवाल्यांनी वारंवारिता बदलली. जॅमरवाल्यांनी तीही गाठली. हा पाठशिवणीचा खेळ आठवड्यांच्या हिशेबाने चालला. मग २०२४ मध्ये रशियाने लहरीच काढून टाकल्या. ड्रोनच्या पोटाशी काचतंतूचे रीळ. ड्रोन उडत जाते तसा केसासारखा तंतू मागे सुटत जातो, दहा-दहा, वीस-वीस किलोमीटर. आपल्या घरात इंटरनेट आणतो तोच तंतू. त्याला जाम करायला काही नाहीच. पूर्व युक्रेनच्या शेतांवर उन्हे कलली की हे तंतू कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात. काही पाखरांनी त्याची घरटीही केली आहेत म्हणे. लाखोंचे जॅमर एका रात्रीत अडगळ झाले आणि सैनिकांनी मासेमारीची जाळी मागवली. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरून जुनी जाळी तिकडे गेली. आज आघाडीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर खांब रोवून ती मांडवासारखी टाकलेली असतात, म्हणजे पंखे त्यांत अडकावेत. कोकणातल्या माणसाला रापण आठवेल. एकविसाव्या शतकातल्या सर्वांत प्रगत युद्धात सैनिक मासळीच्या जाळ्याखालून गाडी हाकतो आणि मागच्या सीटवरचा साथीदार छर्‍याची बंदूक आभाळाकडे रोखून बसतो.

इथे डावपेच कसे पालटले ते पाहा. लष्करी शास्त्राचा पाया असा की, जिथे वार करायचा तिथे बळ एकवटायचे. आता एकवटले की दिसते आणि दिसले की मरते. त्यामुळे हल्ला करतात दोन-तीन माणसे. पहाटेच्या धुक्यात ती झाडांच्या ओळीतून सरपटत पुढे जातात, एखाद्या पडक्या घराच्या तळघरात शिरतात आणि पुढची दोन माणसे येईपर्यंत तिथे दडून राहतात. पोक्रोव्स्क शहरात रशियन शिरले ते असे ठिबकत. काही वेळा तर त्यांच्या टोळ्या मोटारसायकलींवरून सुसाट येतात, कारण चिलखतापेक्षा वेग बरा. आघाडीची ‘रेषा’ राहिलेलीच नाही. दोन्ही बाजूंना मिळून वीसेक किलोमीटरचा एक पट्टा आहे, त्यात जे हलते ते मारले जाते. तोफा एकेकट्या झाडीत गाडून ठेवतात. रणगाडा लपून दूरवरून गोळे टाकतो आणि तोफेचे काम करतो. मोर्च्यावर गेलेला सैनिक महिना-महिना, कधी त्याहून अधिक काळ तिथेच राहतो, कारण मारले जाण्याचा धोका मोर्च्यात जितका, त्याहून अधिक येण्याजाण्याच्या वाटेवर. पाणी, पाव, बॅटऱ्या रात्री मोठी ड्रोन आणून टाकतात.

जखमींचे काय होते, हे तर लिहवत नाही. जखम झाल्यापासून तासाभरात शल्यविशारदासमोर न्यायचे, या एका नियमावर अर्ध्या शतकाचे लष्करी वैद्यक उभे होते. आज त्या पट्ट्यातून जखमीला काढायला दिवस-दिवस लागतात. रक्त थांबवायला आवळलेला पट्टा तासन्‌तास तसाच राहतो आणि वाचला असता असा पाय कापावा लागतो. अनेक ठिकाणी आता माणसांऐवजी चाकांवरचे छोटे यंत्र जखमीला ओढून आणते. तेही वाटेत टिपले गेले नाही तर.

हे सारे काल घडलेले नाही, हा आमच्या चिंतेचा गाभा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये नागोर्नो-काराबाखमध्ये ४४ दिवसांचे युद्ध झाले. अझरबैजानने जुनी अँतोनोव्ह विमाने वैमानिकाविना उडवली, ती पाडण्यासाठी आर्मेनियाच्या रडारांनी डोळे उघडले आणि वर घिरट्या घालणाऱ्या ड्रोननी ते डोळे फोडले. आर्मेनियाकडे होते ते रणगाडे, तोफा आणि विमानविरोधी क्षेपणास्त्रे बरीचशी रशियन घराण्यातली, म्हणजे आपल्या ओळखीची. इशारा यापेक्षा स्पष्ट कसा असतो? पुढच्याच वर्षी, २७ जून २०२१ रोजी, जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटके टाकली. आघाडीवरची गोष्ट घराच्या छपरावर आली होती. तेव्हापासून आजपर्यंत चर्चासत्रे किती झाली याची मोजदाद नाही.

बघूनही न शिकण्याला मोठी परंपरा आहे. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात पोर्ट आर्थरभोवती खंदक, काटेरी तारा आणि मशीनगन यांनी माणसे कशी कापून काढली, हे युरोपातल्या सगळ्या मोठ्या सैन्यांच्या निरीक्षकांनी जागेवर उभे राहून पाहिले, अहवाल लिहिले. त्याआधीच, १८९८ मध्ये, यान ब्लोख नावाच्या पोलंडच्या एका सावकाराने सहा खंड लिहून सांगितले होते की, यापुढच्या युद्धात सगळे जमिनीत गाडून घेतील आणि कोणालाच जिंकता येणार नाही. सेनापतींनी त्याची टर उडवली. सावकाराला लढाईतले काय कळते! १९१४ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सचे पायदळ लाल विजारी घालून उघड्या शेतातून धावत गेले आणि २२ ऑगस्ट या एका दिवशी त्यांची सुमारे २७,००० माणसे ठार झाली. आणखी दोन वर्षांनी, १ जुलै १९१६ रोजी, सोमच्या रणांगणावर ब्रिटिशांची हानी ५७,४७० झाली, त्यात १९,२४० मृत. त्याच युद्धाने मेसोपोटेमियात मराठा पलटणींची काय दैना केली, हे साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांना वेगळे सांगायला नको. निरीक्षकांचे अहवाल तोवर कपाटात व्यवस्थित लावलेले होते.

पानिपताचे नाव काढल्याशिवाय मराठी माणसाला युद्धावर लिहिताच येत नाही, हा दोष आम्हाला मान्य आहे. तरीही इथे ते टाळता येत नाही, कारण नवे शस्त्र आणि जुनी सवय यांची अशी गाठ दुसरीकडे क्वचित पडली असेल. १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊसाहेबांकडे इब्राहिमखान गारदी होता. फ्रेंच पद्धतीने कवायत शिकलेल्या त्याच्या पलटणी, त्याच्या तोफा, त्या काळात हिंदुस्थानात उत्तम म्हणता येतील अशा. शस्त्र होते, ते वापरायची रीतही ठरली होती: गोलाची लढाई. सर्वांनी गोल धरून, तोफांच्या आडोशाने, पावलापावलाने सरकायचे. पण घोडदळाची घडण गनिमी काव्याची, तुटून पडायची. उतावीळ स्वारांनी गोल मोडून गारद्यांच्या तोफांच्या पुढ्यातच घोडी घातली आणि आपलीच माणसे समोर आल्यावर तोफा बंद पडल्या, असे आपल्याकडच्या वर्णनांत येते. समोर अब्दालीकडे काय होते? उंटाच्या पाठीवर बसवलेल्या हलक्या तोफा, जंबुरके. स्वस्त, पुष्कळ, हवे तिथे धावत नेता येणारी. मराठ्यांच्या जड तोफा एका जागी रुतून राहिल्या आणि जंबुरके लढाई जिथे गेली तिथे गेली. ड्रोनला जंबुरक म्हणायचा मोह होतो तो यामुळे.

गारद्याला नोकरीला ठेवून पानिपत जिंकता येत नाही, एवढेच त्यातून घ्यायचे. आजची आपली चूक त्याच जातीची होऊ पाहते आहे. ड्रोन खरेदीचे आकडे छापून येतात आणि आपल्याला वाटते, झाले आधुनिकीकरण. देवळालीला तोफखान्याचे दरवर्षी ‘तोपची’ नावाचे प्रात्यक्षिक होते. मांडवाखाली पाहुणे, समोर ओळीत मांडलेल्या तोफा, एका हुकुमाबरोबर धडाडणाऱ्या. अंगावर रोमांच उभे राहतात, आमच्याही राहिले आहेत. आता तिथे ड्रोनही दाखवतात. प्रात्यक्षिक हे प्रात्यक्षिक असते आणि तिथले अधिकारी हे आमच्यापेक्षा हजारपटींनी जाणतात. पण देशाच्या मनातले सामर्थ्याचे चित्र त्या ओळीतल्या तोफांचे आहे. दोनेत्स्कच्या माळावर तशी ओळ काही मिनिटेसुद्धा टिकणार नाही.

लष्कर स्वस्थ बसलेले नाही, हेही नमूद केले पाहिजे. २६ जुलै २०२५ रोजी द्रासला लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी रुद्र ब्रिगेड, भैरव बटालियन, तोफखान्यात शक्तिबाण रेजिमेंट आणि दिव्यास्त्र बॅटऱ्या यांची घोषणा केली. पायदळाच्या प्रत्येक बटालियनला ड्रोनची स्वतंत्र प्लाटून देण्याचेही ठरले. दिशा बरोबर आहे. नावेही भारदस्त आहेत. आमची शंका नावांच्या पलीकडची आहे. द्रासच्याच डोंगरावर ही नवी युद्धपद्धती उतरली तर काय होईल, याचा सराव कोणी, किती वेळा, खरोखर हरण्याची मुभा ठेवून केला आहे?

युक्रेनचे सपाट रान वेगळे आणि आपले डोंगर वेगळे, हे खरे. विरळ हवेत पंख्यांना पकड मिळत नाही, थंडीत बॅटरी भराभर उतरते, कड्याआड गेले की सिग्नल तुटतो. ही आपली जमेची बाजू म्हणून काही जण सांगतात. ती दुसऱ्या बाजूलाही तितकीच लागू आहे आणि पलीकडे चीन आहे, जो जगातली बहुतांश ड्रोन बनवतो. उलट डोंगरात काही गोष्टी अधिकच वाईट होतात. १९९९ मध्ये तोलोलिंग आणि टायगर हिल घेतले ते रात्री चढून, अंधाराच्या भरवशावर. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला अंधार नसतो आणि गारठलेल्या खडकावर तापलेले माणसाचे शरीर तर दिव्यासारखे उजळते. सपाटीवर दहा वाटा असतात, डोंगरात चौकीकडे जाणारी पायवाट एकच. तिच्यावरून खेचरे आणि हमाल रॉकेल, पीठ, दारूगोळा नेतात, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. त्या रांगेतले पुढचे आणि मागचे खेचर मारले की मधल्यांना वळायलाही जागा नाही. आणि संगर? खडकावर खणता येत नाही म्हणून दगड रचून केलेला. चारी बाजूंनी छातीभर भिंत, वर निळे आभाळ.

म्हणून पहिली मागणी अगदी गावठी आहे. आधी छपरे घाला. जाळी, तारा, पत्रे, उष्णता झाकणाऱ्या ताडपत्र्या, फसवे मोर्चे, लाकडाच्या खोट्या तोफा. यातल्या कशालाही परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. लागतो तो अर्थसंकल्पातला एक नावडता रकाना, ज्याचा फोटो काढता येत नाही. जखमीला दोन दिवस मोर्च्यातच जगवता येईल इतके वैद्यकीय शिक्षण प्रत्येक सेक्शनमधल्या दोघांना तरी हवे. रसदीची वाट आणि वेळ दर आठवड्याला बदलायची सवय शांततेच्या काळातच लावावी लागेल.

दुसरी गोष्ट खरेदीची आणि इथे आमचा संयम सुटतो. १९८६ मध्ये बोफोर्सचा करार झाला. त्यानंतर नव्या मोठ्या तोफा सैन्यात दाखल होण्याचा समारंभ नोव्हेंबर २०१८ मध्ये देवळालीलाच झाला: एम-७७७ आणि के-९ वज्र. मधली तीस-बत्तीस वर्षे चौकशा, निविदा, चाचण्या आणि रद्द झालेल्या निविदा. जिथे शस्त्राचे आयुष्य आठवड्यांत मोजले जाते, तिथे ही यंत्रणा घेऊन आपण उतरणार आहोत. मध्यंतरी आणीबाणीच्या खरेदीचे अधिकार दिले गेले, ते उपयोगी पडले. पण घर पेटल्यावरच विहिरीचे कुलूप काढायचे ही रीत किती काळ चालवणार? छोटा उद्योजक स्वतःच्या खर्चाने राजस्थानच्या वाळवंटात किंवा लडाखला ड्रोन नेऊन दाखवतो. या प्रकाराला ‘नो कॉस्ट, नो कमिटमेंट’ चाचणी असे गोड नाव आहे. त्यानंतर एल-वनच्या, म्हणजे सर्वांत कमी दराच्या, स्पर्धेत तो उलाढालीच्या अटीवर बाद होतो. निविदा निघते तेव्हा ज्या ड्रोनचे वर्णन तिच्यात असते, ते युक्रेनमध्ये संग्रहालयात गेलेले असते.

नागपूरचे उदाहरण घ्या. सोलर समूहाने बनवलेले नागास्त्र-१ हे नऊ किलोचे घिरट्या घालणारे शस्त्र लष्कराने घेतले. लक्ष्य सापडले नाही तर छत्री उघडून ते परत उतरते, ही त्यातली चतुराई. मागणी ४८० नगांची, पहिले १२० जून २०२४ मध्ये पोहोचले. विदर्भाने अभिमान बाळगावा असे काम आहे. चारशे डॉलरच्या ड्रोनशी त्याची थेट तुलना करता येत नाही, हेही मान्य. परंतु युक्रेनच्या आघाडीवर एका दिवसात खर्ची पडणारी ड्रोन हजारांत मोजतात, हा आकडा शेजारी ठेवला की ४८० हा पुरवठा नसून नमुना आहे हे कळते. त्याच समूहाचे ड्रोनविरोधी ‘भार्गवास्त्र’ मे २०२५ मध्ये गोपाळपूरला चाचणीत उतरले. तेही उत्तम. ते सीमेवरच्या हवालदाराच्या हातात कधी येणार, एवढाच प्रश्न आहे.

त्यातून सुट्या भागांचे दुखणे वेगळेच. मोटरमधले चुंबक, बॅटरीतले सेल, कॅमेरा, नियंत्रणाची सर्किटे यांचा माग काढत गेले की वाट चीनमधल्या शेन्झेनला पोहोचते. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्कराला ४०० मालवाहू ड्रोनचे करार चिनी भागांमुळे रद्द करावे लागले. त्यानंतर दोनच महिन्यांनी चीनने दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर बंधने आणली. युक्रेनही चिनी भागच वापरतो, असे उत्तर हमखास येते. युक्रेनच्या समोर चीन उभा नाही, आपल्या समोर आहे. भोसरी, सातपूर, हिंगण्याच्या गाळ्यांतून मोटरचे वाइंडिंग, सर्किटची जोडणी, कार्बनचे सांगाडे करू शकतील असे शेकडो कारागीर बसले आहेत. पुण्यातल्या ‘एआरडीई’ या शस्त्रसंशोधन संस्थेने पिनाका रॉकेट घडवले, तेव्हा या पट्ट्यातल्या हातांची पारख झालेलीच आहे. त्यांना पाच वर्षांची एक महाकाय निविदा नको. दर तिमाहीला शे-दोनशे नगांची मागणी, मोडलेल्या मालावर सैनिकाने लिहिलेला खरा शेरा आणि वेळेवर बिल हवे. तिसरी अट सर्वांत अवघड, हे कोणत्याही लघुउद्योजकाला विचारून पाहावे.

आणि सैनिकाच्या हातात सोल्डरिंग आयर्न द्यावे लागेल. युक्रेनमध्ये प्रत्येक चांगल्या ब्रिगेडचा स्वतःचा वर्कशॉप आहे. रात्री मोडते ते सकाळपर्यंत बदललेले असते. आपल्याकडे सरकारी मालाचा स्क्रू परवानगीविना उघडला तर चौकशी लागते. मोडलेल्या ड्रोनसाठी जवानाला जबाब द्यावा लागणार असेल, तर तो ड्रोन पेटीतच सुरक्षित ठेवेल. तो शहाणा आहे.

रणगाडे भंगारात काढा, तोफा विका, असे आम्ही म्हणत नाही. ड्रोनने जमीन ताब्यात घेता येत नाही, त्यासाठी अजूनही कोणीतरी चिखलात जाऊन बसावे लागते, आणि तोफगोळ्याला वारा किंवा धुके अडवत नाही. नव्याच्या नादाने जुने फेकणाऱ्यांचेही हाल होतात. पण अहिल्यानगरच्या चिलखती दलाच्या शाळेत आज शिकणाऱ्या तरुण अधिकाऱ्याला जर पहिल्या दिवशी रणगाडा लपवायला आणि शेवटच्या दिवशी दौडवायला शिकवत नसतील, तर क्रम उलटा आहे.

राहता राहिला मुलकी भाग. त्यावर थोडक्यात, कारण तो स्वतंत्र अग्रलेखाचा विषय आहे. १ जून २०२५ रोजी युक्रेनने मालवाहू ट्रकवरच्या लाकडी खोपट्यांतून ११७ ड्रोन सोडली आणि सीमेपासून हजारो किलोमीटर आतले रशियन बॉम्बफेके विमानतळांवरच जाळले. खोपट्यांची छपरे दुरून उघडली गेली. चालकांना आपण काय वाहून नेतोय याचा पत्ताही नव्हता, असे सांगतात. आपल्या महामार्गांवर रोज किती ट्रक धावतात? १ सप्टेंबर २०२४ रोजी मणिपूरच्या कौत्रुक गावात ड्रोनने बॉम्ब टाकले गेले, म्हणजे हे हत्यार देशांतर्गत टोळ्यांच्या हाती आलेच आहे. आणि युक्रेनमधल्या खेरसॉनमध्ये बाजारात जाणाऱ्या बायकापुरुषांच्या मागे ड्रोन लावून त्यांना टिपण्याचा जो प्रकार चालला, त्याला संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने मे २०२५ मध्ये मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवले. आता लक्ष्यावर शेवटची झेप घेण्याचा निर्णय यंत्रालाच देण्याचे प्रयोग दोन्हीकडे सुरू आहेत. त्यावर आंतरराष्ट्रीय बंधन यावे म्हणून भारताने पुढाकार घ्यायला हवा.

सुभेदारांच्या पुतण्याची सुट्टी संपली तेव्हा त्याला निरोप द्यायला आम्ही पुन्हा त्या गावात होतो. सामानात चिवड्याचा डबा, काकूने दिलेली गोधडी आणि एक भलतीच गुंडाळी. विचारले तर म्हणाला, शेतातल्या द्राक्षबागेवर पाखरांसाठी टाकतो ती जाळी, दहा मीटर. चौकीवर उपयोगी पडेल का बघतो; साहेब हो म्हणाले तर.